घराण्याचा छज्जा

शुक्रवार, ३ मे

खारू आली! पाठीवर स्वतःएवढी बॅग, बॅगेतून बाहेर डोकावणारी रॅकेटची मूठ, आणि तोंडाचा पट्टा बसमधून उतरायच्या आधीच सुरू. धाकट्या भावाची एकुलती एक लेक. चौदा वर्षांची घोडी झाली, पण मला अजून ती दाणे गोळा करत फिरणारी खारच वाटते. क्लबात स्क्वॉशची स्पर्धा आहे, म्हणून आठवडाभर माझ्याकडे मुक्काम. आईबाप मागून येणार आहेत – ही शेवटच्या सामन्यांपर्यंत टिकली तर.

वर घरात बॅग टाकली आणि थेट खाली दुकानात. आप्पांच्या खुर्चीत जाऊन बसली, तीच ती गोल फिरणारी, चष्म्याच्या गिऱ्हाइकाची. दोन गिरक्या घेतल्या. "आत्या, आजोबा गेले तरी इथे अजून त्यांचाच वास येतो." येतो खरा. भिंगं घासायची पावडर, काड्या वाकवायला तापवलेली वाळू आणि पेपरमिंट. आप्पांना जाऊन वर्ष होत आलं. मी खिडक्या उघडायला गेले आणि उगाचच बराच वेळ तिथे उभी राहिले.

शनिवार, ४ मे

आज सराव बघायला क्लबात गेले. कितीतरी वर्षांनी. गॅलरीचा लाकडी जिना तसाच करकरतो, भिंतींवर चेंडूंचे काळे ठसे तसेच. बदललं काय असेल तर माझे गुडघे.

खारू खेळते मात्र झकास. बाळ्यासारखीच – मनगट सैल, पाय हलके. (बाळ्या म्हणजे तिचा बाप. पंचावन्न वर्षांचा बाळ्या.) पण बघते तर चेहरा उघडा. कोर्टावरच्या कोणाच्याच डोळ्यावर काही नाही. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "नियम आहे हो बाई, पण ऐकतं कोण? घाम येतो म्हणतात, धुकं धरतं म्हणतात."

घरी येताना खारूला विचारलं, तुझा गॉगल कुठे? म्हणे, आईने घेऊन दिलाय, बॅगेत तळाशी आहे. "आणि आत्या, बाबा म्हणतात आपल्याला लागत नाही. आपल्या घराण्याला छज्जा आहे." असं म्हणून स्वतःच्या भुवईवर टिचकी मारली.

माझे पाय रस्त्यातच थांबले. हे वाक्य आप्पांचं! या घरात ते शेवटचं कोणी उच्चारलं त्याला चाळीस वर्षं होत आली. आणि आज ते बाळ्याच्या लेकीच्या तोंडून – म्हणजे बाळ्याच्याच तोंडून. त्याने कुठल्या तोंडाने म्हटलं असेल?

रविवार, ५ मे

दुकान बंद. खारू सरावाला. आज सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

आप्पा चष्मे करायचे, पण त्यांना खरा षोक चेहऱ्यांचा. माणूस दुकानात शिरला की त्याचं नाव-गाव नंतर. आधी नाकाचा दांडा उंच की बसका, गालाची हाडं वर की खाली, डोळे आत की बाहेर. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते नवरी बघायचे नाहीत, तिच्या नाकावर कुठली फ्रेम बसेल ते बघायचे. आई म्हणायची, "मला बघायला आले तेव्हाही असेच टक लावून बघत होते. मला वाटलं, भाळले."

आणि त्यांची ती स्टीलची पट्टी. घरातलं पोर खेळायच्या वयात आलं की आप्पा त्याला खुर्चीत बसवायचे, डोळे मीट म्हणायचे आणि पट्टी उभी धरायचे – वरचं टोक भुवईच्या हाडावर, खालचं गालाच्या हाडावर. पापणी पट्टीच्या आत राहिली तर पोर पास. वरून-समोरून काही आदळलं तर आधी हाड खाईल, डोळा वाचेल. पापणी पट्टीला टेकली तर नापास – डोळा उघड्यावर.

बाळ्या पास झाला. पास कसला, पहिल्या नंबराने. आप्पांसारखीच पुढे आलेली भुवई, खोल डोळे, मधे नाकाची भिंत. पट्टी आणि पापणीच्या मधे आप्पांचं बोट आरामात गेलं. "वा रे पठ्ठ्या! ही भुवई नाही, छज्जा आहे. आपल्या घराण्याचा छज्जा!" गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवला तो छज्जा.

मी नापास. माझे डोळे आईचे, जग बघायला दोन पावलं पुढे आलेले. पट्टी टेकवली तशी पापणी चिरडलीच. मग आप्पांनी मला जाड भिंगांचा, रबरी पट्ट्याचा एक गॉगल करून दिला. बॅडमिंटन असो, लगोरी असो, गॉगल हवाच. बाळ्या मला पाणबुडी म्हणायचा. त्याचं बघून सगळी गल्लीच म्हणायला लागली. किती रडले मी त्या गॉगलपायी! त्याला छज्जा आणि मला पाणबुडी. देवाने वाटणीच चुकीची केली, असं वाटायचं.

बाळ्या सोळा वर्षांचा होता. क्लब दुकानासमोरच, दुपारी कोर्ट रिकामं असलं की पोरांना खेळू द्यायचे. मी वर गॅलरीत बसले होते. समोरच्या भिंतीवर लागून चेंडू मागे गेला, मागचा मुलगा तो मारायला धावला, आणि बाळ्याने मागे वळून पाहिलं. स्क्वॉशमध्ये हेच करायचं नसतं. त्याची मान नुसती वळली होती, आणि चेंडू डाव्या बाजूने आला. कानाकडून. जिथे भुवई नाही, गाल नाही, नाक नाही.

स्क्वॉशचा चेंडू हातात घेऊन बघावा. लहानशा लिंबाएवढा. फुटबॉल तोंडावर बसला तर हाडांवरच अडतो, डोळ्याच्या खोबणीत शिरायला त्याला जागाच नसते. हा चेंडू त्या खोबणीच्या मापाचा आहे. कोणीतरी बेतून केल्यासारखा.

डोळ्यांचे डॉक्टर आप्पांना धीर द्यायला म्हणाले, हाडं फार दणकट आहेत हो मुलाची. खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो, कधी कधी तो मोडतो, मार तिकडे जातो आणि डोळा वाचतो. "याचं तेही मोडलं नाही." म्हणजे सगळा मार डोळ्याने घेतला. हे ऐकून आप्पा हसले. ते हसू मला आजही नको वाटतं.

डावा डोळा काढावा लागला. माझे दोन्ही शाबूत, बाहेर आलेले, बटबटीत. पाणबुडी म्हणून मला पुन्हा कोणी कधी हाक मारली नाही. खरं सांगते, मी वाट बघायचे.

सोमवार, ६ मे

खारू पहिला सामना जिंकली. गॉगल बॅगेतच.

मंगळवार, ७ मे

आप्पांची एक गोष्ट परवा लिहायची राहिली.

बाळ्या दवाखान्यातून घरी आल्यावर एका दुपारी आप्पा दुकानातल्या आरशासमोर बसलेले दिसले. हातात तीच पट्टी, पण आडवी. एक टोक नाकाच्या मुळाशी आणि दुसरं डोळ्याच्या बाहेरच्या कडेच्या हाडावर टेकवायला बघत होते. टेकेना. मधे डोळाच येत होता. त्यांचा, छज्जेवाला, खोल! बाहेरच्या बाजूचं हाड सगळ्यांचंच मागे असतं. म्हणून तर मान न वळवता आपल्याला कडेचं दिसतं. मग आईला बसवलं, मला बसवलं, टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला बसवलं. पट्टी कोणाच्याच चेहऱ्यावर आडवी बसेना. "तीन बाजूंनी भिंती बघत बसलो," आप्पा म्हणाले, "चौथ्या बाजूने घर सताड उघडं." त्यानंतर उभ्या पट्टीची परीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही. खेळणारं पोर दुकानात आलं की आधी म्हणायचे, मान वळव बघू.

आणि तेव्हापासून घरात छज्जा हा शब्द बंद. डोळा हा विषयही बंद, तो मात्र बाळ्याने केला. कृत्रिम डोळा करणाऱ्याकडे आप्पा स्वतः जाऊन बसले होते, बुबुळाचा रंग जुळेपर्यंत त्याला उठू दिलं नाही. इतका हुबेहूब झाला की कोणाला सांगून पटू नये. त्यात ती खोल खोबण आणि वरची भुवई, सगळं सावलीत! छज्ज्याने खरा डोळा वाचवला नाही, खोटा मात्र झकास लपवला. बाळ्याने आम्हा सगळ्यांना शपथ घातली. नोकरीत कोणाला माहीत नाही, तिकडच्या शेजाऱ्यांना नाही. भावजयीला लग्नाआधी सांगितलं, तेवढंच. लेकीला नाही.

आज भावजयीचा फोन. मी गॉगलचा विषय काढला. मग म्हणाली, "ताई, मी थकले हो. गॉगल आणला की हे हसून छज्जा म्हणतात आणि पोरगी तो बॅगेत टाकते. तिने पहिल्यांदा रॅकेट हातात घेतली तेव्हा विचारलं होतं, बाबा, तुम्ही खेळायचात तेव्हा काय घालायचात? यांच्या तोंडून निघून गेलं. आता मागे कसं घेणार?" आणि पुढे म्हणाली, "हे तिची मॅच बघत नाहीत. दाराबाहेर उभे राहून नुसते ऐकतात."

बाळ्याचा मला राग आला होता. हे ऐकून तो अर्धा झाला, पण अर्धा आहेच.

बुधवार, ८ मे

सकाळी खारूला खुर्चीत बसवलं. "डोळे मीट." आप्पांची पट्टी काढली आणि उभी धरली. इतक्या वर्षांनी! भुवई आमची, यात वाद नाही. पण पापणी टेकली. चांगली चिरडली. डोळे माझे आहेत पोरीचे! छज्जा आहे, पण खिडकी छज्ज्याच्याही बाहेर. म्हणजे आप्पांच्या जुन्या परीक्षेतसुद्धा ती नापास, आणि आडव्या पट्टीत तर सगळेच नापास. मी तिला सगळं समजावून सांगितलं. भुवई काय करते, गाल काय करतो, नाक काय करतं, आणि कानाकडची बाजू कशी मोकळी आहे. चेंडू तिच्या मिटल्या डोळ्यावर अलगद ठेवून दाखवला. बसला. सगळं सांगितलं, एक सोडून.

एरवी ही पोरगी म्हणजे प्रश्नांची खाण. पट्टी कुठली, वाळू का तापवतात, तू लग्न का नाही केलंस. आज मात्र एक प्रश्न नाही. गुपचूप ऐकत होती. मग म्हणाली, "हो, पण बाबा म्हणतात ना."

मी म्हटलं, बाबा चुकत असतील.

"नाही चुकत," म्हणाली आणि खुर्चीतून उठली. बापावर गेली आहे हट्टात. दगडावर डोकं आपटलेलं बरं.

तरी दुपारी बसून तिचा गॉगल नीट केला. नाक तिच्या आईसारखं बसकं, म्हणून फ्रेम घसरते. गालाची हाडं वर, म्हणून हसली की फ्रेम उचलली जाते. नाकाला मऊ सिलिकॉनची जाड पॅड लावली, काड्या वाळूत धरून कानामागे वळवल्या, बाजू चेहऱ्याला अगदी लागेल अशी केली. न फुटणारी भिंगं आहेत, वर हातोडी मारली तरी चालेल. फक्त पोरीने घालायला हवा. हात काम करत होते आणि मला सारखं वाटत होतं की शेजारी आप्पा उभे आहेत, म्हणताहेत, घाई नको. आज त्यांची फार आठवण आली. रडूनही घेतलं थोडं, गिऱ्हाईक नव्हतं.

गुरुवार, ९ मे

बाळ्या आणि भावजय आले. खारू धावत गेली, बापाला वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला लटकली. लहानपणापासून हीच सवय. जिन्यावर डावीकडे, रस्त्यात डावीकडे, टेबलाशी डावीकडे. शेपूट नुसती! चहाचा कप मी त्याच्या डाव्या हाताशी ठेवला होता, तो बोलता बोलता तिने उजवीकडे सरकवला आणि बिस्किटाचा डबा स्वतःकडे ओढला. मला हसू आलं. बाप आला की हिला आत्या दिसत नाही.

दुपारी बाळ्या दुकानातल्या बाकावर आडवा झाला. झोपेत त्याची डावी पापणी पूर्ण मिटत नाही, मधे फट राहते. खारूने त्याच्या तोंडावर रुमाल टाकला. "उजेड लागतो त्यांना," म्हणाली आणि सरावाला गेली. पोरीची माया बघून बरं वाटलं.

तो उठल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि विषय काढला. जमेल तेवढं आठवून लिहिते.

"तिला सांग."

"काय सांगू?"

"जे आहे ते. तिचे डोळे माझ्यासारखे आहेत, बाळ्या. मी काल पट्टी लावली."

तो पट्टीकडे बघत राहिला. मी ती टेबलावरच विसरले होते.

"ताई, तुला माहितेय का, लोक माझ्याशी बोलताना कुठे बघतात? ज्यांना माहीत आहे ते. डॉक्टर, तू, ही. अगदी आप्पासुद्धा, शेवटपर्यंत. आधी डावा डोळा नीट बसलाय का बघतात आणि मग माझ्याकडे. जगात एकटी खारू आहे जी नुसती माझ्याकडे बघते."

 खरं आहे, मी बघते तशी. त्या क्षणीही तेच बघत होते.

"आणि तिचा फुटला तर?" शेवटी मी म्हटलं. "मग कोण कोणाकडे कसं बघेल?"

"नको बोलूस असं."

"तुझ्या एका डोळ्याची लाज तिच्या डोळ्यापेक्षा मोठी झाली का रे?"

हे जास्त झालं. तो उठून वर निघून गेला. जेवताना माझ्याशी बोलला नाही. खारू एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे.

शुक्रवार, १० मे

उपांत्य सामना. भावजय आणि मी गॅलरीत, बाळ्या दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून. येणारे-जाणारे विचारत होते, आत नाही बसणार? तो म्हणे, गरम होतं.

खारूने पहिले दोन गेम घेतले. तिसऱ्यात समोरची मुलगी चिडली, सगळी ताकद लावून मारायला लागली. आणि मग तेच. खारूने मागे वळून पाहिलं. मी डोळे मिटले, मला पुढचं माहीत होतं. फक्त आवाज ऐकला. तो आवाज मी ओळखते.

उघडून बघते तर पोरगी खाली बसलेली, हात गालावर. चेंडू गालाच्या हाडावर बसला होता, बोटभर खाली. बोटभर! हाड वर आहे तिचं, आईसारखं; त्याने मार घेतला. आज भावजयीच्या घराण्याने वाचवलं, आमच्या नव्हे.

दाराशी बाळ्या उभा होता. आत यायला पाय उचलत नव्हता. तो आवाज त्यानेही ओळखला होता. खारू उठली, त्याच्याकडे चालत गेली आणि म्हणाली, "काही नाही बाबा, गालावर लागला. बघा, दोन्ही डोळे उघडतात." आणि दोन्ही डोळे मोठे करून दाखवले.

पंधरा मिनिटांनी परत कोर्टावर उतरली आणि सामना काढला. उघड्या चेहऱ्याने. परवा फायनल. रात्री गाल टम्म सुजला. बाळ्या न जेवता झोपला.

शनिवार, ११ मे

सकाळी दुकान उघडत होते तर बाळ्या आधीच पायरीवर बसलेला. "ताई, पट्टी दे." दिली. मग खारूला हाक मारली. ती आली, त्याच्या डाव्या बाजूने फिरून खुर्चीत बसली. मी बाहेर जायला निघाले तर म्हणाला, "जाऊ नकोस. मधेच अडलो तर तू सांग."

अडला नाही. पट्टी आडवी धरून त्याने सगळं सांगितलं. छज्जा, ती दुपार, मागे वळून बघणं, कानाकडची बाजू. "मी तुला खोटं सांगत आलो. कारण खरं सांगायला मला हा काढून दाखवावा लागला असता." आणि मग पाठमोरा होऊन, आप्पांच्या आरशाकडे तोंड करून, त्याने डोळा काढला आणि तिच्याकडे वळला. इतक्या वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं. आईलाही त्याने कधी बघू दिलं नाही.

खारू रडली. भरपूर रडली. हुंदके देत विचारलं, "दुखतं का?" तो म्हणाला, आता नाही. मग ती उठली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडे बघितलं. कुठे बघितलं हे मी लिहायला नको. बाळ्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. पंचावन्न वर्षांचा माणूस असा रडतो हे आप्पांनी बघायला हवं होतं.

संध्याकाळी सरावाला पोरीने गॉगल घातला. पहिल्यांदा! आणि बाळ्या पहिल्यांदा गॅलरीत येऊन बसला. मला कोपराने ढोसत म्हणतो, "बघ, पाणबुडी निघाली." चाळीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते हे. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोंड फिरवलं.

रविवार, १२ मे

फायनल दुपारी. सकाळी खारू एकटीच खाली आली. उजवीकडचं पॅड टोचतं म्हणाली. मी पॅड बदलत होते, ती खुर्चीत गिरक्या घेत होती.

"आत्या, एक सांगू? बाबांना सांगायचं नाही. मी लहान होते, ते झोपले होते आणि एक डोळा थोडा उघडा होता. मी त्याला बोट लावलं. ते जागेच झाले नाहीत."

माझ्या हातातलं पॅड खाली पडलं. म्हणजे डावीकडचं चालणं. तो कप. तो रुमाल. कालचं रडणं.

"मग इतकी वर्षं गॉगल का नाही घातलास गं?"

"घातला असता तर त्यांना कळलं असतं ना, की मला माहितेय."